रिकामी कुठे मारू, ताई?

मला सोडून पाऊण तास झाला तरी टॅक्सी खालीच उभी होती. रात्रीचे साडेबारा वाजत आले होते. बॅग भिंतीला लावली, हातपाय धुतले, खिडकी ओढून घ्यायला गेले आणि ती दिसली. दिवे बंद, काचा चार बोटं खाली. काहीतरी बिघडलं असावं असं वाटलं, म्हणून चपला अडकवून खाली उतरले. बॉनेटमधून अजून ऊब येत होती. आत धातू गार होत असावा, मधूनच टिक, टिक असा आवाज यायचा. चालकाने सीट पूर्ण मागे पाडली होती. मोजे काढून डॅशबोर्डवर वाळत घातले होते आणि पुसायचं ओलं फडकं स्टिअरिंगवर पसरलं होतं. "दादा, गेला नाहीत? बंद पडली का गाडी?" मी विचारलं. तो दचकून उठला, आधी मोजे उचलले, मग म्हणाला, "नाही हो ताई. आता रिकामी कुठे मारू? पहाटे इकडचंच रिटर्न भाडं लागेल. तोवर पाठ टेकतो जरा. इथे उभी केलेली चालेल ना?" चालेल म्हटलं आणि वर आले. त्याच्या प्रश्नाचं उत्तर देऊन झालं होतं, पण त्याआधीचं वाक्य काही डोक्यातून जाईना.

रिकामी मारणे. गाडी चालवून पोट भरणाऱ्यांच्या तोंडी हा शब्दप्रयोग असा येतो की त्यातला वैताग ऐकूनच कळतो. बस चालवणाऱ्या संस्थांमध्ये याच गोष्टीला 'डेड किलोमीटर' म्हणतात. डेपोपासून पहिल्या थांब्यापर्यंत आणि शेवटच्या थांब्यापासून डेपोपर्यंत बस जे रिकामं अंतर कापते, ते मेलेलं अंतर. वेळापत्रक आखणारी माणसं ते कमी करण्यासाठी डोकी खाजवत असतात. म्हणजे रिकामं चाक फिरणं हे पाप आहे, यावर टॅक्सीवाल्यापासून डेपो मॅनेजरपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. पापाला शिक्षाही तत्काळ होते. इंधन स्वतःच्या खिशातून जातं, झोप स्वतःच्या डोळ्यांतून जाते, आणि घरी पोचायला होणारा उशीर तर कुणाच्या हिशेबातच नसतो.

हे वाक्य त्याच आठवड्यात का टोचावं, याला कारण होतं. मी भाषांतराची कामं करते. तेव्हा टेबलावर चालकरहित वाहनांच्या कायद्यांबद्दलचं एक टिपण पडलेलं होतं, मराठीत आणायचं. ब्रिटनच्या संसदेने २०२४ साली स्वयंचलित वाहनांचा कायदा केला. त्यात सुरक्षिततेची पातळी ठरवताना म्हटलंय की अशी गाडी निदान काळजीपूर्वक आणि सक्षमपणे चालवणाऱ्या माणसाइतकी तरी सुरक्षित असावी. 'सक्षम'पाशी मला अडचण नव्हती. अडले ते 'काळजी'पाशी. आपल्या भाषेत काळजी घेतात आणि काळजी करतातही. एकच शब्द, दोन क्रियापदं. पहिली काळजी हातापायांची, दुसरी पोटातली. यंत्र काळजी घेईल, कदाचित माझ्यापेक्षा चांगली घेईल. त्याला डुलकी लागणार नाही, फोन वाजणार नाही, बायकोशी भांडून ते निघालेलं नसेल. जगभर रस्त्यांवर वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मरतात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यापुढे 'यंत्राला माणसाची सर नाही' वगैरे म्हणणं मला तरी जड जातं. पण खाली गाडीत पाठ टेकलेला माणूस दुसऱ्या प्रकारची काळजी करत होता. इंधनाची, झोपेची, पहाटेच्या भाड्याची. आणि त्या काळजीपायी त्या रात्री रस्त्यावर एक फेरी कमी झाली होती.

ही दुसरी काळजी कायद्यात कुठे आहे, ते मी शोधत राहिले. सापडली नाही.

सापडलं ते वेगळंच. रस्त्यावरच्या वाहतुकीबद्दल १९६८ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना कराराच्या आठव्या कलमात लिहिलंय की चालत्या वाहनाला चालक असलाच पाहिजे, आणि चालकाला आपलं वाहन काबूत ठेवता आलं पाहिजे किंवा आपली जनावरं हाकता आली पाहिजेत. जनावरं! वाचून मजा वाटली. इतकी वर्षं हे कलम कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही, कारण चालकाशिवाय गाडी हे ज्याच्या डोक्यात यावं असा माणूस करार लिहिणाऱ्यांत नव्हता. मग ठिगळं लागायला सुरुवात झाली. २०१६ मध्ये एक दुरुस्ती अमलात आली, २०२२ मध्ये दुसरी. या दुसरीने असं ठरवलं की देशांतर्गत नियमांत बसणारी स्वयंचलित यंत्रणा गाडी चालवत असेल, तर चालकाची अट पुरी झाली असं समजावं. 'समजावं' हा कायद्याचा लाडका शब्द. जनावरांचं मात्र मला राहून राहून वाटत होतं. घोडा दमतो, थांबतो, तोंड घराकडे वळवतो. त्याला रिकामं पिटाळायचं म्हटलं तरी एक मर्यादा असते. जनावर गेलं, मोटार आली, तेव्हा ती मर्यादा चालकाच्या अंगात उतरली. युरोपात मालमोटारी हाकणाऱ्यांसाठी २००६ चा नियम आहे. साडेचार तास चालवलं की पाऊण तास विश्रांती, आणि दिवसाला साधारण नऊ तासांवर चालवायचं नाही. गाडीतला टॅकोग्राफ हे सगळं टिपत असतो. नियम अपघात टाळण्यासाठी केलेला आहे हे खरं. पण त्याचा एक न लिहिलेला परिणाम असा, की एका माणसामागे एक गाडी किती फिरू शकते याला छप्पर राहिलं.

टिपणात इतिहासाचा एक परिच्छेद होता. १८६५ साली ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या वाफेच्या गाड्यांसाठी कायदा झाला. वेग गावाबाहेर ताशी चार मैल, गावात दोन मैल, आणि गाडीच्या साठ यार्ड पुढे एक माणूस लाल निशाण घेऊन चालत जाणार. आज या कायद्याला सगळे हसतात. नव्या यंत्राला नियम लावायची गोष्ट निघाली की कुणीतरी हे लाल निशाण हमखास बाहेर काढतं, की बघा, कायदेवाले कसे मागासलेले. मला तो निशाणवाला डोळ्यांपुढे येतो. धूळ, उन्हात तापलेली मान, मागून येणारा धडधडाट, आणि 'बाजूला व्हा' हे सांगायचं काम. यंत्राच्या आधी माणूस लोकांच्या नजरेला नजर देत होता. पण गंमत पुढे आहे. त्याच १८६५ साली, त्याच देशात, विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने कोळशाबद्दल एक तिरका मुद्दा मांडला होता. वाफेचं इंजिन कमी कोळशात जास्त काम करायला लागलं की कोळशाचा खप घटत नाही, वाढतो. स्वस्त झालेली गोष्ट माणूस जास्त वापरतो, आणखी चार ठिकाणी वापरतो. एकाच वर्षी दोन इशारे. एक म्हणत होता, गाडी कुणाच्या अंगावर जाईल. दुसरा म्हणत होता, यंत्र काटकसरी झालं की तुम्ही उधळे व्हाल. कायद्याने पहिला ऐकला, आणि मला वाटतं, तो अजूनही पहिलाच ऐकतोय.

आजचे सगळे नियम पाहिले की हे जाणवतं. गाडी कुणाच्या अंगावर गेली तर दोष कुणाचा, याभोवतीच सगळी कलमं फिरतात. फिरायलाच हवीत. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेम्पी शहरात उबरची स्वयंचलित चाचणी गाडी सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीवर गेली आणि ती दगावली. चौकशीत कळलं, गाडीच्या यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. पण ती नेमकी काय आहे हे यंत्रणेचं ठरेना. आधी वाहन, मग दुसरंच काहीतरी, मग सायकल. आणि दर वेळी नाव बदललं की तिच्या आधीच्या हालचालीचा हिशेब पुसला जायचा. रस्ता ओलांडायची खूण नसलेल्या जागी माणूस चालत येईल, हे गृहीतच धरलेलं नव्हतं. साडेपाच सेकंद. एक, दोन, तीन असं मनात मोजून पाहिलं. बराच वेळ असतो तो. पुढे कंपनीवर फौजदारी खटला उभा राहिला नाही. गाडीत देखरेखीला बसलेल्या चालक स्त्रीवर राहिला, तिने गुन्हा कबूल केला, तिला तुरुंगाऐवजी तीन वर्षं देखरेखीखाली मोकळं राहायची शिक्षा मिळाली. कायद्याला पकडायला एक अंग लागतं, आणि ते अंग त्या आसनावर होतं.

ते आसनच रिकामं असेल तर? २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनोत पोलिसांनी बेकायदा यू-टर्न मारणारी गाडी थांबवली, आणि बघतात तर आत कुणीच नाही. दंडाची पावती फाडायची कुणाच्या नावाने? पुस्तकात तसा रकानाच नव्हता. म्हणून आता रकाने तयार होताहेत. ब्रिटनच्या कायद्यात यंत्रणा बाजारात आणणाऱ्या संस्थेला नाव देऊन जबाबदार धरलंय आणि आत बसलेल्याला गाडी चालवण्याच्या बऱ्याच गुन्ह्यांतून मोकळं केलंय. जर्मनीने २०१७ आणि २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने कायदे केले. हे सगळं मी मन लावून भाषांतरित केलं, आणि खरं सांगायचं तर समाधानही वाटलं. जबाबदारी ज्याची त्याच्या गळ्यात बांधायला माणसं शिकताहेत.

टिपणाचा शेवटचा भाग 'शाश्वत वाहतूक' या शीर्षकाखाली होता. शाश्वत म्हटलं की मला आधी आत्मा आठवतो, वाहतूक नंतर. (त्यातली कोंडी तेवढी खरोखरच शाश्वत.) बाकी सगळं टिपण कलमाकलमांचं, नेमकं. हा भाग मात्र आशीर्वादासारखा. चालकरहित गाड्या विजेवर चालतील, एकमेकींशी बोलून जातील, अंतर राखतील, ब्रेक कमी लागतील, ऊर्जा वाचेल, लोक गाड्या विकत न घेता वाटून वापरतील. 'होईल', 'घटेल', 'वाचेल'. यातलं निदान विजेचं तरी कुणी कलमात उतरवलंय. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्येच कायदा केला की २०३० नंतर अशा नव्या हलक्या गाड्या धूर न सोडणाऱ्याच हव्यात. पण विजेवरच्या रिकाम्या गाडीचे टायरही झिजतात, तीही रस्त्याची तेवढीच लांबी अडवते, आणि तिच्या मागे अडकलेल्या बसमधल्या चाळीस माणसांना ती काय खाते याच्याशी कर्तव्य नसतं.

रिकाम्या गाडीचं काय होऊ शकतं, याचा एक सुंदर प्रयोग होऊन गेला आहे. त्यात एकही चालकरहित गाडी नव्हती. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या संशोधकांनी तेरा जणांना आठवडाभरासाठी फुकट चालक दिला. तुमचीच गाडी, चालक आमचा, हवं तिथे पाठवा, तुम्ही आत नसलात तरी चालेल. म्हणजे स्वयंचलित गाडीचं सोंग. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आला. त्या आठवड्यात त्यांच्या गाड्या एकूण ८३ टक्के जास्त धावल्या. तेरा म्हणजे फार थोडी माणसं, आणि फुकट मिळालं की कोण सोडतं, हे मान्य. तरी तो आकडा वाचल्यावर मी मुकाट्याने स्वतःकडे पाहिलं.

कारण बाबांचा चष्मा.

बाबा मागच्या महिन्यात येऊन गेले तेव्हा वाचायचा चष्मा माझ्याकडे विसरले. फोन आला, "अगं, तिथेच राहिला वाटतं. असू दे, येशील तेव्हा आण." त्यांच्याकडे जुना जाड काड्यांचा होता, त्याने भागत होतं. मी रविवारी गेले, तेव्हा नेला. चार दिवस तो माझ्या टेबलावर दिव्याखाली पडून होता, एका काचेवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा. माझ्याकडे स्वतःहून जाणारी गाडी असती तर? मी दुसऱ्या मिनिटाला मागच्या सीटवर चष्मा ठेवून तिला पाठवलं असतं. दीड टन लोखंड, काच आणि बॅटरी, तीस ग्रॅमचा चष्मा घेऊन. आणि परत येताना तेवढंही नाही. मला त्यात वावगंसुद्धा वाटलं नसतं. उलट लेकीची माया वाटली असती. आज मी ते करत नाही, कारण तेवढ्यासाठी गाडीत जाऊन बसायचा मला कंटाळा येतो. पर्यावरणाच्या रक्षणात माझ्या तत्त्वांपेक्षा माझ्या कंटाळ्याचा वाटा मोठा आहे, हे या वयात कळणं तसं मानहानीकारकच.

पण बाबांचीच दुसरी बाजू आहे, आणि ती मला या गाड्यांविरुद्ध पुरतं उभं राहू देत नाही. दोन वर्षांपूर्वी वळवताना त्यांनी गाडी खांबाला घासली. लागलं कुणाला नाही. त्यांनी खाली उतरून घासलेल्या जागेवरून हात फिरवला, वर आले आणि किल्ली माझ्या हातात दिली. एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून त्यांच्या संध्याकाळी कुणीतरी न्यायला येण्यावर अवलंबून आहेत. "कुणी आहे का येणारं?" हे ते इतक्या हळू विचारतात की नाही म्हणणाऱ्याला अपराधी वाटू नये. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये एक दृष्टिहीन गृहस्थ स्टिअरिंग आणि पेडल नसलेल्या गाडीत एकटे बसून सार्वजनिक रस्त्यावरून फिरून आले. ते वाचलं तेव्हा मला बाबांची ती किल्ली आठवली. बाबांना अशी गाडी मिळाली तर रस्त्यावरची किलोमीटर वाढतीलच, आणि ती वाढायलाच हवीत. सगळी किलोमीटर सारखी नसतात. मात्र कुणाची फेरी गरजेची आणि कुणाची चैनीची, हे ठरवायला कायद्याने बसू नये. ते फार विचित्र राज्य होईल. कायद्याला एवढंच बघता येतं की आत कुणी आहे की नाही. आणि तेवढं तर ही गाडी स्वतःच जाणते. पट्टा लावला नाही तर ओरडते ती.

म्हणून माझं म्हणणं अगदी साधं आहे. मी भाषांतरकार, धोरण आखणारी नव्हे, तरी म्हणते. रिकामं किलोमीटर वेगळं मोजा आणि भरलेल्यापेक्षा महाग करा. गर्दीच्या भागात, गर्दीच्या वेळी तर चांगलंच महाग. नाहीतर हिशेब उलटा बसतो. शहराच्या मधोमध गाडी उभी करायला पैसे पडतात, आणि विजेवरच्या गाडीला हळूहळू घिरट्या घालायला जवळजवळ काहीच पडत नाही. शहरनियोजनाचे अभ्यासक अॅडम मिलर्ड-बॉल यांनी २०१९ मध्ये हेच दाखवून दिलं होतं, की अशा गाडीला उभं राहण्यापेक्षा फिरत राहणं परवडेल, आणि कोंडी तर तिच्या फायद्याचीच, कारण तिला सावकाशच जायचंय. माझ्या दाराशी उभा राहिलेला तो माणूस नेमकं याच्या उलट करत होता.

कुणी म्हणेल, मग सगळ्यांनी वाटून वापराव्यात. त्याचाही हिशेब झालाय. लिस्बनच्या रस्त्यांवर कागदोपत्री हा खेळ मांडून आंतरराष्ट्रीय परिवहन मंचाने २०१५ मध्ये सांगितलं की सगळ्यांनी फेऱ्या वाटून घेतल्या आणि जोडीला मेट्रोसारखी मोठी वाहतूक ठेवली, तर दहातल्या नऊ गाड्या नाहीशा होतील. हेच वाक्य सगळीकडे उद्धृत होतं. पुढचं होत नाही. तसं करूनही गाड्यांनी कापलेलं एकूण अंतर ६ टक्के वाढतं. आणि मेट्रो काढून टाकली, फेऱ्या वाटून न घेता एकेकट्याने केल्या, तर ८९ टक्के. गाड्यांची संख्या आणि गाड्यांचं धावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दोन आकड्यांमधल्या फटीत दिसतं. मला त्यातली मेट्रो महत्त्वाची वाटते. चालकाविना चालणारी गाडी ही काही उद्याची गोष्ट नाही. जपानमधल्या कोबेची पोर्ट लायनर १९८१ पासून आणि फ्रान्समधल्या लीलची मेट्रो १९८३ पासून चालकाशिवाय धावते आहे. कुणी तिच्यापुढे लाल निशाण धरलं नाही, कुणी तिच्यावर लेख पाडले नाहीत. ती भरून जाते, भरून येते, आणि चष्मा पोचवायला तिला कुणी एकटी धाडू शकत नाही.

माझ्या बोलण्यातली एक खोच मलाच दिसते. चालकाच्या थकव्यावर शहराचा तोल सांभाळायचा, हे काही न्यायाचं नाही. त्याने सीटवर वाकडं होऊन झोपावं म्हणजे माझी हवा स्वच्छ, असा कुठला धर्म? शिवाय आता अॅपच्या धाकाने पुढच्या भाड्याच्या आशेवर माणसंही रिकाम्या घिरट्या घालतातच. कंटाळ्याचा बांध आधीच फुटायला लागलाय. पण बांध काढायचा तर त्या जागी दुसरं काहीतरी घालावं लागतं, एवढं कुणीही शेतकरी सांगेल. तो माणूस घरी जाऊन नीट झोपावा असं मला वाटतं, आणि त्याच्या जागी कुणीही नसलेली गाडी रात्रभर रस्त्यावर फिरू नये असंही वाटतं. २०२४ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोत एका वाहनतळावर परतलेल्या वेमो कंपनीच्या रिकाम्या चालकरहित गाड्या पहाटे चार वाजता मागेपुढे होताना एकमेकींना हॉर्न देत बसायच्या. वरच्या मजल्यांवरची माणसं जागी व्हायची. टक्कर टाळायला घातलेली सोय होती ती. एकही माणूस नसलेल्या अंगणात गाड्या एकमेकींना 'बाजूला हो' सांगताहेत, आणि उशीत डोकं खुपसून कुणीतरी ऐकतंय.

त्या रात्री मी टिपणात 'शाश्वत'च्या भागात समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं, 'रिकामं अंतर कोण मोजणार?' भाषांतरकाराने समासात प्रश्न लिहायचे नसतात, देताना तो खोडला. झोपायला जाताना पुन्हा खिडकीपाशी गेले. बारीक पाऊस सुरू झाला होता. खालच्या गाडीच्या काचा आता दोनच बोटं उघड्या होत्या.

पहाटे डिकी बंद झाल्याच्या आवाजाने जाग आली. शेजारच्या इमारतीतलं कुणीतरी, दोन बॅगा, एक पेंगुळलेलं मूल, "सावकाश बस" असं काहीतरी. दार लागलं, गाडी निघाली. मी खिडकीशी पोचले तेव्हा ती वळणावर गेलेली. खाली ओल्या रस्त्यावर गाडीच्या आकाराचा कोरडा चौकोन राहिला होता. पाऊस त्यात थेंब थेंब पडत होता, आणि मी तो पुरता भिजेपर्यंत तिथेच उभी राहिले.